जुन्याच बोर्डावर

“नवा बोर्ड नको, राजक्का. आहे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसव,” रामुलू म्हणाला.

माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी त्याच्यापुढं काउंटरवर बोर्ड मांडून ठेवले होते. खोक्यांतून काढून, साडीच्या दुकानात मांडतात तसे. तो एकालाही हात लावत नव्हता. रंगखात्यात राबणाऱ्याचे हात. नखांच्या मुळाशी निळा रंग कायमचा बसलेला. ते हात त्यानं पाठीमागं बांधून ठेवले होते.

“का नको? शेठला कॉम्प्युटर पळणारा पाहिजे ना? मग हा घे. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी डिस्क. जुना डबा आहे तसा उचलून कोपऱ्यात ठेव. सोमवारी साहेब येतील, त्यांच्या हातात आख्खा डबा दे. कुणी काही हलवलं म्हणायला जागाच नको.”

“शेठ म्हणाले, बोर्ड चांगला आहे. कशाला फेकायचा?”

“फेकायला कोण सांगतंय बे?”

“शेठ म्हणाले...”

“शेठ म्हणाले, शेठ म्हणाले. तुझा भाऊ मेलाय का शेठचा?”

मला बोलल्याचं वाईट वाटलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.

यादगिरी, रामुलूचा थोरला भाऊ, जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. दोघं भाऊ सोलापुरात आमच्याच गल्लीत राहायचे आणि एकाच टॉवेलच्या कारखान्यात होते, रंगखात्यात. तिथं रंगवलेलं सूत पिळायला एक यंत्र असतं, त्याला सगळे हायड्रो म्हणतात. कमरेएवढी लोखंडी टाकी, आत भोकं पाडलेलं पिंप. पिंप गरागरा फिरतं आणि ओल्या लडींतलं पाणी बाहेर फेकतं. झाकण उघडं असलं की ते फिरूच नये म्हणून झाकणाला एक स्विच असतो. ह्या कारखान्यात त्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना पिळून टाकलेल्या होत्या, म्हणजे झाकण असो नसो, यंत्र चालू. झाकण लावण्या-काढण्यात वेळ जातो ना. यादगिरी लडी नीट बसवायला आत वाकला आणि हायड्रो फिरला. पुढचं मी लिहीत नाही. त्याच्या बायकोला, भूदेवीवहिनीला, फक्त तोंड दाखवलं. बाकीचं चादरीत बांधलं होतं, सोलापुरी चादरीत, शेठच्याच गोदामातल्या.

जनार्दन शेठनं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की यादगिरी पिऊन आला होता. स्वतःच बटण दाबलं, स्वतःच वाकला. ऐकणाऱ्यांना ते पटलं, कारण यादगिरी एके काळी पीत होता हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. धाकटी पोरगी झाली तेव्हा त्यानं सोडली, हेही माहीत होतं. पण ते कुणी आठवलं नाही.

हायड्रोच्या वर कॅमेरा होता. त्याचं सगळं चित्रण ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये साठत होतं. त्याच कॉम्प्युटरवर टॉवेलची डिझाइनं पण निघायची. भूदेवीवहिनीच्या वकिलानं अर्ज केला, आणि सोमवारी कारखाना निरीक्षक येऊन ते चित्रण घेणार असं ठरलं.

वहिनीला भरपाई नको होती असं मी म्हणणार नाही. दोन पोरी होत्या, आणि बिड्या वळून घर चालत नाही. पण तिचं तोंडानं एकच चाललेलं असायचं. मांडीवर सूप, सुपात पानं, हात चाललेले, आणि म्हणायची, “मला त्याला चालताना बघू दे, राजमणी. गल्लीच्या तोंडाशी वळला की मला कळायचं आज प्यायलाय का नाही. वकिलाला नाही कळणार. साहेबाला नाही कळणार. मला कळतं.”

एवढंच तिला पाहिजे होतं. नळापासून हायड्रोपर्यंत यादगिरी चालत गेला, ती चाल.

आणि शेठला ह्याच आठवड्यात कॉम्प्युटर फास्ट करून पाहिजे होता.

मी फोन लावला. शेठ गोड बोलले. आमच्यातलेच ते, माझ्या वडलांना नावानं ओळखायचे. “अगं, तूच आमच्या कारखान्याची कामं करतेस ना एवढी वर्षं? तुला जमत नसेल तर सांग, मी दुसरा बोलावतो. बोर्ड तोच ठेवायचा. प्रोसेसर नवा. मला कुणीतरी सांगितलंय की ते होतं म्हणून.”

होतं. ते खरं होतं. मी फोन ठेवला. दुसरा येणार म्हणजे कसला येणार ते मला माहीत होतं. दिसेल ते बटण दाबून मोकळा होणारा.

“करते मी,” मी रामुलूला म्हणाले. “पण नीट ऐक. शेठपाशी मी एकटी पडले तर तू तिथं पाहिजेस.”

“मी असणारच आहे. शेठनीच सांगितलंय, तू समोर बस म्हणून. घरचा माणूस.”

तिथं मी थांबायला पाहिजे होतं असं लोक म्हणतात. लोकांना नंतर सगळंच कळतं.

रामुलूनं स्टूल ओढलं. “राजक्का, नवा बसवला की जुन्यातलं राहतं का गं?”

मला बरं वाटलं. म्हटलं, भावासाठी विचारतोय. मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

सांगितलं की बोर्डाला प्रोसेसरची ओळख लागते. आपला बोर्ड जुना, प्रोसेसर त्याच्या मागून बाजारात आलेला. खाच तीच, पिना तितक्याच, बसेल पण मुकाट बसून राहील, पडद्यावर काळं. म्हणून बोर्डाला आधी नव्याची ओळख करून द्यायची. त्याला बायोस चढवणं म्हणतात. ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच चढवायची, पेनड्राइव्हवरून. चढत असताना लाइट गेली तर बोर्ड मेला. म्हणून यूपीएस.

“आणि मग जुना काढायचा?”

“मग जुना काढायचा. इथं खरी गोम आहे. त्या डिस्कला कुलूप आहे, माहितीय ना?”

त्याला माहीत होतं. टॉवेलवाल्यांच्यात एकमेकांची डिझाइनं चोरायची रीतच आहे. एकाची मोराची किनार बाजारात आली की आठवड्यात चार कारखान्यांतून तोच मोर बाहेर पडतो. म्हणून शेठच्या डिझायनरनं डिस्कला कुलूप घातलं होतं. डिस्क चोरून नेली तरी उघडू नये असं. पुढं तो पगारावरून भांडून सुरतेला गेला. मी त्याला फोन केला होता. कुलपाचा जो लांबलचक आकडा असतो तो कुठं ठेवलाय, हे त्यालाच आठवत नव्हतं.

“मग रोज उघडतं कसं?”

“किल्ली आतच आहे. अर्धी बोर्डावर, अर्धी प्रोसेसरच्या पोटात. दोघं जोडीनं असले की आपोआप उघडतं. म्हणून म्हणते, जोडी फोडू नका.”

“आणि फोडली तर?”

“नवा प्रोसेसर बसवून चालू केलं की पडदा विचारतो. प्रोसेसर नवा दिसतोय, जुन्या किल्लीचं काय करू? वाय दाबलं की बोर्डावरची किल्ली पुसली. कायमची. मग जुना परत आणून बसवला तरी उपयोग नाही. एन दाबलं की किल्ली राहते. तेव्हा कुलूप उघडणार नाही, तोवर काम नव्या डिस्कवर चालेल, आणि सोमवारी जुना प्रोसेसर परत बसवायचा की सगळं जसंच्या तसं. कळलं?”

“वाय म्हणजे गेलं. एन म्हणजे राहिलं.”

“शाबास.”

“आणि बायोस चढवतानाच गेलं तर?”

“ह्या बोर्डात नाही जात. ह्याच जातीच्या एका बोर्डावर मी करून बघितलंय.”

त्यानं मान हलवली. मग पहिल्यांदा हात पुढं काढले, काउंटरवरच्या एका बोर्डावरून बोट फिरवलं, जिथं प्रोसेसर बसतो त्या चौकोनावर, बारीक भोकांवर. “केवढीशी जागा,” म्हणाला, आणि गेला.

सुट्टीच्या दिवशी आम्ही कारखान्यात गेलो. माग बंद, त्यामुळं कानाला दडे बसल्यासारखं वाटत होतं. जिन्याखाली रंगखातं. हायड्रो धुऊन पुसून ठेवलेला, वर झेंडूची माळ. मेलेल्या माणसाला नाही, यंत्राला.

वर ऑफिसात शेठ होते. पांढरा सदरा, कपाळाला गंध. चहा मागवला, शेंगाची चटणी लावलेली भाकरी घरून आणली होती ती पुढं केली. मी घेतली नाही. रामुलूनं घेतली आणि हातात धरून बसला.

“शेठ, पासवर्ड सांगा. आधी सगळी कॉपी काढून घेते माझ्या डिस्कवर. मग काय करायचं ते करू.”

“डिझाइनं आहेत गं त्यात. दिवाळीच्या मालाची. बाहेर कशी देऊ?”

“डिझाइनं नका देऊ. कॅमेऱ्याचं देते काढून. तुमच्याच कपाटात ठेवा.”

“राजमणी,” शेठ हसले, “ते साहेबांचं काम. साहेब सोमवारी करतील. आपण त्यात हात घातला तर उद्या तेच म्हणतील, शेठनं फेरफार केली. मी तर म्हणतो, हा रामुलू इथं बसलाय, मयताचा सख्खा भाऊ. त्याच्या डोळ्यांदेखत काम होऊ दे. माझ्यावर बोट नको, तुझ्यावर बोट नको.”

बोलणं असं होतं की त्याला धरायला कुठं कडाच नव्हती.

“मग काम तरी सोमवारनंतर ठेवा.”

“मंगळवारपासून दिवाळीचा माल. मला वेळ कुठं आहे? नाही जमत तर राहू दे. तो दुसरा पोरगा येतो म्हणालाय.”

मी पिशवी उघडली.

बायोस चढवायला पासवर्ड लागत नाही. पेनड्राइव्ह लावला, बोर्डाचा स्वतःचा पडदा उघडला आणि सुरू केलं. निळी पट्टी हळूहळू पुढं सरकत होती. ती सरकत असताना कुणी बोलत नाही. ही आमच्या धंद्यातली सवय आहे, शब्दानं लाइट जाणार असल्यासारखी. पट्टी भरली, यंत्र स्वतःहून बंद होऊन परत चालू झालं. जुना प्रोसेसर होता तसाच ओळखला गेला. डिस्कचं कुलूपही उघडलं, थेट पासवर्डच्या पडद्यापर्यंत. मी मनात म्हटलं, किल्ली शाबूत आहे.

“चढला,” मी म्हणाले.

“छान,” शेठ म्हणाले, आणि फोन आल्यासारखे उठून खाली गेले. फोन वाजला नव्हता.

मी डबा आडवा केला. पंखा काढला, जुना प्रोसेसर उचलला, त्याच्या पाठीवरचा लेप पुसला, पिना बघितल्या, सरळ होत्या. प्लास्टिकच्या डबीत घालून डबी पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. नवा बसवला. पंख्याचा एक स्क्रू नीट बसत नव्हता, म्हणून मी गुडघ्यावर बसून एका हातानं पंखा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं यंत्र चालू केलं. कीबोर्ड टेबलावर होता. रामुलू टेबलापाशी उभा होता.

काळा पडदा. पांढरी अक्षरं. मला बसल्या जागेवरून दिसत होती.

“आलं बघ. तेच विचारतंय. एन दाब, रामुलू.”

त्यानं भाकरी टेबलावर ठेवली. लहान पोरं चड्डीला पुसतात तसं बोट पॅंटला पुसलं. मग कीबोर्डवर खाली वाकून शोधलं, इंग्रजी अक्षरं ओळखायला त्याला वेळ लागायचा, आणि दाबलं.

अक्षरं गेली. यंत्र बंद होऊन परत चालू झालं. वाय दाबल्यावरच असं होतं.

“अरे एन. एन म्हणाले मी. तू काय दाबलंस?”

“वाय.”

“एन म्हणाले ना मी तुला?”

“ऐकलं मी,” रामुलू म्हणाला.

पंखा माझ्या हातातून सुटला. मी डबी काढली, जुना प्रोसेसर परत बसवला, पिना वाकल्या तर वाकल्या म्हणून घाईघाईत. चालू केलं. निळा पडदा आला आणि तो लांबलचक आकडा मागायला लागला. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. तोच निळा पडदा. त्या डिस्कवर यादगिरी अजून चालत होता, नळापासून हायड्रोपर्यंत, आणि आता तो कुणालाही दिसणार नव्हता.

शेठ वर आले. पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला काही विचारलं नाही. रामुलूला विचारलं, “झालं का?”

“झालं.”

मी शेठला शिव्या दिल्या. त्या इथं लिहायची मला लाज नाही, पण छापील शिवीला दात नसतात. शेठनी सगळ्या ऐकून घेतल्या. मग म्हणाले, “बटण कुणी दाबलं, राजमणी? मी तर इथं नव्हतो. मेलेल्याच्या सख्ख्या भावानं दाबलं, तुझ्या देखत, तू कामावर असताना. आता जा, ज्याला सांगायचं त्याला सांग.”

जिन्यात मी रामुलूची कॉलर धरली. त्याच्यापेक्षा मी बुटकी. एक पायरी वर उभी होते म्हणून हात पुरला.

“किती दिले त्यानं तुला?”

“काही नाही.”

“मग कशाला बे? तुझा भाऊ होता तो.”

रामुलू खाली हायड्रोकडं बघत होता. माळेतली फुलं करपलेली होती.

“बटण मीच दाबलं होतं, राजक्का.”

“ते मी बघितलं.”

“ते नव्हे,” तो म्हणाला. “त्या दिवशीचं.”

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा कॉलर आपोआप सुटली.

तो बोलत राहिला, एका सुरात. सुपरवायझर मागून ओरडत होता, पुढचा घाणा थांबलाय, झाकणाची वाट बघू नको, मार बटण. त्यानं मारलं. यादगिरी वाकलेला त्याला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी शेठनं त्याला ह्याच ऑफिसात बसवलं, दार लावलं आणि ते चित्रण दाखवलं. एकदा नाही. परत परत. म्हणाले, बघ, ह्यात तुझी मान त्याच्याकडं वळलेली दिसते. तू बघून दाबलंस. तुमचं दोघांचं खोलीवरून बोलणं नव्हतं, हे मला माहितीय म्हणजे कोर्टालाही कळेल. हे बाहेर गेलं तर माझा कारखाना फार तर दंड भरेल. तू काय भरशील?

“सुपरवायझर दिसतो का त्यात?”

“दिसतो. हात करतोय.”

“तारा पिळलेल्या?”

“दिसतात.”

“यादगिरी प्यायलेला होता?”

रामुलूनं माझ्याकडं बघितलं. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याचा चेहरा फाटला. “सरळ चालत होता गं,” म्हणाला. “एकदम सरळ.”

केसचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी माझा जबाब दिला, सगळा, रामुलूच्या नावासकट. रामुलूनं दिला नाही. शेठच्या बाजूनं असं आलं की कॉम्प्युटर सुधारताना तंत्रज्ञ आणि मयताचा भाऊ हजर होते, त्यांच्या हातून चूक झाली. कागदावर आलं, तांत्रिक कारणामुळं चित्रण उपलब्ध नाही. दिवाळीची डिझाइनं शेठनी आधीच दुसरीकडं काढून ठेवलेली निघाली. यादगिरी कागदावर प्यायलेलाच राहिला. हायड्रोच्या तारा मात्र सोमवारी साहेब यायच्या आत सोडवून झाकणाला जोडल्या होत्या. तेवढं काम त्यांना मला बोलावल्याशिवाय जमलं.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी मी रामुलूला कारखान्यातून थेट भूदेवीवहिनीच्या दारात नेलं. ओढत न्यावं लागलं नाही. तो माझ्या पुढं चालत होता.

वहिनी अंगणात बिड्या वळत होती. उन्हं कलली होती. पोरी शेजारी टीव्ही बघायला गेल्या होत्या. दारात पाण्याचं निळं प्लास्टिकचं पिंप होतं, कारखान्यातून रंगाचं रिकामं झालेलं. यादगिरीनंच घासून आणलेलं, आता तळाशीच पाणी उरलेलं.

“दिसला का?” वहिनीनं मलाच विचारलं. “मला कधी दाखवतीस?”

“सांग,” मी रामुलूला म्हणाले.

त्यानं सांगितलं. आम्ही घरात तेलुगू बोलतो. मी मराठीत लिहितेय, पण ते त्यानं ज्या भाषेत सांगितलं तीत भावाला हाक मारायचा शब्द फार मऊ आहे, आणि तो शब्द त्याला सारखा उच्चारावा लागत होता. वहिनीचे हात चाललेलेच होते. पान, तंबाखू, वळ, दोरा. पान, तंबाखू, वळ, दोरा. बटणाचं आलं तेव्हा एक पान फाटलं. तिनं ते बाजूला टाकलं आणि दुसरं घेतलं.

तो थांबल्यावर ती म्हणाली, “म्हणजे तू त्याला बघितलंस.”

“चित्रात, वहिनी.”

“सारखं सारखं बघितलंस.”

“शेठनी दाखवलं.”

“कसा चालत होता?”

“सरळ.”

“सरळ म्हणजे कसा? मला काय कळणार सरळ? चालून दाखव.”

रामुलू माझ्याकडं बघायला लागला. मी मान फिरवली.

“नळ तिकडं होता ना? मोरीपाशी जा. तिथून ये. त्याच्या हातात काय होतं?”

“ओल्या लडी.”

वहिनी उठली. सूप खाली ठेवलं, दोरीवरच्या पोरींच्या ओल्या परकरांचा गठ्ठा केला आणि त्याच्या हातांवर दिला. परत येऊन बसली. “ये.”

तो चालला. दोन्ही हातांत ओझं, पाणी कोपरांवरून गळतंय, डावा खांदा जरा खाली. यादगिरीचा खांदा असाच होता. लहानपणी मागावरून पडला होता. रामुलूचा नाही. रामुलू आपल्या भावाचा खांदा घेऊन चालत होता. भूदेवीवहिनी डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती. तो पिंपापर्यंत आला.

“परत,” ती म्हणाली.

तो परत गेला, परत आला.

“नव्हताच प्यायलेला,” वहिनी म्हणाली. आमच्यापैकी कुणालाही उद्देशून नाही. मग पदरानं तोंड पुसलं, सावकाश, स्वयंपाक आवरल्यावर पुसतात तसं.

मला वाटलं झालं. मी चप्पल शोधायला लागले.

“मग तो वाकला,” वहिनी म्हणाली.

“वहिनी,” रामुलू म्हणाला.

“वाक.”

त्यानं परकर पिंपात सोडले आणि वाकला. खांद्यापर्यंत आत गेला. त्याची पाठ तेवढी वर राहिली, सदऱ्यातून मणके दिसत होते.

“आणि बटण कुठं होतं?”

पिंपातून आवाज आला, घुमणारा. “खांबावर. तिकडं, डावीकडं.”

“किती लांब?”

“इथून... जेवढं दार आहे तेवढं.”

वहिनी दाराशी गेली. चौकटीच्या बाजूला दिव्याचं बटण होतं. तिनं त्यावर हात ठेवला, दाबलं नाही, आणि वळून पिंपाकडं बघितलं. मी तिच्या शेजारी होते. बघायचं नव्हतं, पण माझीही मान वळली.

तिनं मान परत बटणाकडं नेली, परत पिंपाकडं आणली.

“रामुलू,” ती म्हणाली, “तू मला इथून दिसतोस.”

पिंपावरची पाठ हलली नाही. वहिनी परत येऊन बसली, सूप मांडीवर घेतलं, आणि एक पान उचलून कात्रीनं कापायला लागली. तो वाकलेलाच होता. त्याला वर ये असं तिनं म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.